ती कविता का म्हणत नाही

‘सर, ती बापाची म्हणा ना.’ कार्यक्रम लातुरात असो की परभणीत, ही फर्माईश येतेच. नाही म्हटलं की लगेच, ‘का?’ आजवर घसा बसलाय, वेळ कमी आहे, विसरलो अशी कारणं दिली. विसरलो वगैरे काही नाही. अजून तोंडपाठ आहे.

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येऊ लागलं तो महिना. दुष्काळाच्या कवितांना हंगाम होता, आणि मी भरपूर काढणी केली. त्या दिवशी सूत्रसंचालकानं ‘स्वतःच्या घरातलं दुःख मांडणारे’ अशी माझी ओळख करून दिली. मी ती दुरुस्त केली नाही. कवितेत बाप बांधावरच्या बाभळीला गळफास घेतो. लोक डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेत आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बसलेले, टोपी मांडीवर. डोळे तपासायला गावाकडून आले होते. तासाभरात निघू म्हणून मीच बसवलेलं. शेजारच्या माणसानं त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

फटफटीवर मागं बसून औशापर्यंत ते गप्प. चहाला थांबलो. बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाले, ‘आपल्या बांधाला बाभळ कुठंय रं? लिंब हाय.’

रागानं नाही. तलाठ्याला सातबाऱ्यावरची चूक दाखवावी तसं. मग पाकिटात किती दिले ते विचारलं. दीड हजार, म्हणालो. ‘बरे देतेत,’ म्हणाले.

आता माझं ऐका. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. शिवाय खोटं काय होतं? आमच्या घरापासून तीन घरं सोडून एक माणूस खरंच गेला. कर्ज बँकेचं नव्हतं, उसनवारीचं होतं, म्हणून मदत ठरवणाऱ्या समितीनं प्रकरण अपात्र ठरवलं. सरकारचे १ लाख मिळाले नाहीत. त्याचा पोरगा मी शिकवायचो त्याच वर्गातला. माझ्या कवितेची पात्रता मात्र कुणी तपासली नाही. मी त्याचं रडणं घेतलं आणि आमच्या अण्णांना चिकटवलं.

तेव्हाचा मी म्हणेल, ‘मग काय, “शेजारचा बाप” म्हणायचं? कोण ऐकलं असतं?’ त्याचंही खरं आहे. ती कविता ऐकून एका बाईनं त्या पोराची वर्षाची फी भरली होती. अशा वेळी मला उत्तर सुचत नाही. पण स्टेजवर पहिली ओळ ओठांवर आली की बशी दिसते, आणि मी पावसाची कविता काढतो.

अण्णा पंचाहत्तरीचे आहेत, धडधाकट. पुन्हा कधी विषय काढला नाही.

वहीत मात्र मी बाभळ खोडून लिंब केलंय. ते का केलं, हे विचारू नका.