तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं इलेक्ट्रिक झाल्यावर जुन्या गाडीला पार्ट कुठून आणणार?

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आता सगळं इलेक्ट्रिक होणार, मग हिचे पार्ट कुठून आणणार?" काही जण नुसत्या उत्सुकतेपोटी विचारतात. काहींच्या दारात मात्र वडिलांची किंवा आजोबांची गाडी उभी असते, आणि ती ठेवायची की काढून टाकायची हे त्यांचं ठरत नसतं. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय.

पार्ट मिळतील. ज्या गाड्या भरपूर विकल्या गेल्या त्यांचे तर अजून पुष्कळ वर्षं मिळत राहतील. अवघड होत चाललंय ते चांगला पार्ट मिळणं. आणि लोकांना ज्या पार्टांची धास्ती असते, त्यांच्या बाबतीत ही अडचण फारशी नाहीच.

धास्ती असते ती दरवाजा, बॉनेट, जाळी, काच अशा दिसणाऱ्या गोष्टींची. एमजीबीचं उत्पादन १९८० मध्ये बंद झालं. आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ प्रेस टूल्स (पत्रा दाबून आकार देणारे साचे) वापरून तिचं अख्खं नवं बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, बाजारात आणलं. पोर्शे ९५९ च्या जेमतेम २९२ गाड्या बनल्या. तिच्या क्लचचा रिलीज लिव्हर लागला तर जुन्या पद्धतीने साचा करून ओतकाम करणं परवडणारच नाही. म्हणून २०१८ मध्ये पोर्शेने तो टूल स्टीलच्या भुकटीपासून, लेझरने थरावर थर वितळवून बनवायला घेतला आणि सुमारे तीन टन भार देऊन तपासला. निसानने २०१७ मध्ये आर ३२ जीटी-आरचे बंद झालेले पार्ट पुन्हा काढायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी तेच केलं. काही गाड्यांचं आयुष्यच एवढं लांबलं की प्रश्न उरला नाही. बीटल २००३ पर्यंत मेक्सिकोत बनत होती. मॉरिस ऑक्सफर्डवरून निघालेली अ‍ॅम्बॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती. ज्या गाडीला चाहते आहेत, तिचा मोठा पार्ट कोणी ना कोणी बनवतोच.

खरी परवड होते ती छोट्या, रोजच्या पार्टांची. रोटर, कंडेन्सर, पॉइंट (ठिणगीच्या वेळी उघडणारा छोटा स्विच), पेट्रोलचा पाइप, ऑइल सील. एके काळी हे पार्ट लाखांनी खपायचे. बनवणारा थेट गाडीच्या कारखान्याला माल द्यायचा आणि माल खराब निघाला तर कारखाना अख्खा लॉट परत पाठवायचा. पॉइंटवाल्या गाड्या बंद झाल्या आणि हा धाक संपला. आता गिऱ्हाईक म्हणजे वर्षाला हजार किलोमीटर गाडी चालवणारा हौशी माणूस. त्याने पार्ट बसवला आणि तो दोन वर्षांनी गेला, तर तक्रार करणार कोणाकडे? डब्यावर जुनंच प्रसिद्ध नाव असतं, पण नाव वापरायचा परवाना एकाकडे आणि माल बनवणारा तिसराच, असं सर्रास असतं. डब्यावर भरवसा ठेवू नका, पार्ट हातात घेऊन बघा.

रोटरचंच घ्या. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. वर पितळी पट्टी, खाली शाफ्टवर बसायचं भोक, आतून एक छोटी स्प्रिंग. बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडून येणारे पंधरा-वीस हजार व्होल्ट या पट्टीवरून, प्लगच्या वायरी जिथे जोडलेल्या असतात त्या कॅपच्या खांबांपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. स्वस्त रोटरमध्ये ही पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. रिव्हेटचं खालचं टोक आणि पोलादी शाफ्ट यांच्यात प्लास्टिकचा पातळसा थर उरतो. त्यात प्लास्टिकला काळा रंग यावा म्हणून कार्बनची पूड घातलेली असते आणि कार्बन वीज वाहून नेतो. पूड जास्त पडली, किंवा थर कुठे विरळ राहिला, की इंजिन तापल्यावर ठिणगी प्लगकडे न जाता रिव्हेटमधून सरळ शाफ्टमध्ये उतरते. गाडी मिस मारते, मग बंद पडते. अर्ध्या तासाने थंड झाली की सुरू होते. मालक गाडीतला पेट्रोल पंप उघडतो, कार्बोरेटर साफ करतो, कॉइल बदलतो. नवा कोरा रोटर कोणाच्या ध्यानातच येत नाही.

माझ्या गाडीत असा एक नवा रोटर लांबच्या घाटात गेला. काढून टॉर्च धरली तर भोकाच्या आत, टाचणीने टोचावा तसा, काळा जळका ठिपका दिसत होता. खात्री करून घ्यायची पद्धत सोपी आहे. कॅप काढा, रोटर जागेवर राहू द्या, इग्निशन चालू करा. कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पट्टीच्या तीनेक मिलिमीटर वर धरा आणि पॉइंट उघडा. वायर आणि पट्टी यांच्यात ठणठणीत ठिणगी पडली तर वीज खाली गळतेय. चांगल्या रोटरवर ती पडत नाही, कारण तिला जायला वाट नसते. रिव्हेट नसलेले, पट्टी साच्यातच ओतलेले रोटर मिळतात. तेच घ्या.

कंडेन्सरचीही हीच कथा. साधारण ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपासची ही डबी पॉइंट उघडताना होणारी ठिणगी शोषून घेते. थंड असताना मीटरवर ती उत्तम दिसते आणि इंजिनच्या उष्णतेत माप सोडते. म्हणून मी नवा कंडेन्सर आधी थंड असताना मोजतो, मग गरम हवेच्या गनने हाताला चटका बसेल इतका तापवून पुन्हा मोजतो. जो दोन्ही वेळा सारखा आकडा देतो तो गाडीत जातो.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पॉइंट आणि रोटरचा दर्जा घसरला त्याला इलेक्ट्रिक गाड्या जबाबदार नाहीत. ती घसरण त्यांच्या खूप आधीची आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचा फटका बसेल तो वेगळ्या ठिकाणी, जिथे आपली जुनी गाडी आजवर नव्या पेट्रोल गाड्यांच्या आधाराने चालत आली. स्पार्क प्लग, पिस्टन रिंग, बेअरिंग शेल, व्हॉल्व्ह, गॅस्केटचं मटेरियल, इंजिन ऑइल. हे सगळं बनवणारे मोठे कारखाने नव्या गाड्यांवर जगतात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. प्लगसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या एनजीके स्पार्क प्लग कंपनीने २०२३ मध्ये स्वतःचं नाव बदलून निटेरा केलं. प्लगचा ब्रँड कायम आहे आणि उद्या प्लग मिळेनासे होतील असं मुळीच नाही. रस्त्यावर कोट्यवधी पेट्रोल गाड्या आहेत. पण कारखाना यादी छाटायला बसतो तेव्हा आधी कमी खपाचे नंबर जातात, आणि जुन्या इंजिनांना लागणारे नंबर नेमके त्यातच असतात. तुमच्या इंजिनाला जर वेगळ्याच आट्याचा किंवा हीट रेंजचा (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं माप) प्लग लागत असेल तर दोन-तीन सेट आजच घेऊन ठेवा. ते खराब होत नाहीत.

रबराचं मात्र बरोबर उलट. ते साठवायची वस्तूच नाही. कधीकाळी बनून डब्यात पडून राहिलेल्या मालाला, ज्याला न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात, लोक डोळे झाकून जास्त पैसे मोजतात. गिअर, बॉल बेअरिंग, स्विच, दिव्याची काच, पितळी फिटिंग यांसाठी जरूर मोजावेत; त्या काळच्या धातूला आणि घडणीला तोड नाही. पण चाळीस वर्षं डब्यात पडलेला ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा रबरी कप नवा नसतो, तो चाळीस वर्षांचा असतो. टायरचंही तेच, आणि तिथे निदान वय लिहिलेलं असतं: २००० सालापासून टायरच्या बाजूला चार आकडी तारीख येते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या साठ्यातल्या ब्रेक लाइनरपासून तर लांबच राहा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि घासताना उडणारी धूळ थेट फुप्फुसात जाते.

रबर घेताना ते कशात भिजणार आहे हे आधी विचारायचं. सित्रोएन डीएसचं उदाहरण घ्या. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या हायड्रॉलिक्समध्ये लाल द्रव होता, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं. दोन्हींची सीलं दिसायला सारखी. लाल द्रवाची सीलं हिरव्या तेलात फुगून निकामी होतात. फोटो बघून मागवणाऱ्याला हे कळायचा काही मार्ग नाही.

पेट्रोलच्या पाइपबाबत तर मी फार आग्रही आहे, कारण इथे चूक झाली तर गाडी जळते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. कित्येक देशांत प्रमाण याहून जास्त आहे. जुना नायट्राइल रबराचा पाइप इथेनॉलने आतून मऊ पडतो, वाळला की तडकतो. मूळ कंपनीचा, मूळ नंबरचा पाइप मिळाला म्हणून आनंद मानू नका. तो ज्या पेट्रोलसाठी बनला ते पेट्रोल आता नाही. आतून फ्लुरोइलास्टोमरचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) थर असलेला, एसएई जे ३० आर ९ हा मानकाचा छाप असलेला पाइप मागा. हा छाप नकली मालावरही मारतात, तेव्हा माहितीतल्या विक्रेत्याकडून घ्या आणि वर्षभराने इंजिनजवळचा एक तुकडा काढून अंगठ्यावर वाकवून बघा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर सगळे पाइप त्याच दिवशी उतरवा.

आता दिलासा देणारी बाजू. जुन्या गाडीतले किती तरी पार्ट मुळात गाडीचे नसतातच. बॉल बेअरिंगवर ६२०४ कोरलेलं असेल तर तो जगभरचा ठरलेला नंबर आहे: शेवटच्या ०४ ला ५ ने गुणलं की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. पाण्याच्या मोटरीत, लेथवर, कन्व्हेअरवर हेच बेअरिंग फिरत असतं आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणून ते बंद होणार नाही. ऑइल सीलही शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि रुंदी या तीन मापांवर मिळतं, आणि चांगल्या औद्योगिक दुकानात ते गाडीच्या डब्यातल्यापेक्षा बऱ्याचदा सरस मटेरियलचं असतं. म्हणून काढलेला पार्ट मी फेकत नाही. व्हर्नियरने मापं घेतो, वहीत लिहितो, आणि नवा पार्ट चांगला चालतोय याची खात्री पटेपर्यंत जुना जपून ठेवतो. पार्ट नंबर चार वेळा बदलतात, माप बदलत नाही.

एक नवा मार्ग तर इलेक्ट्रिकनेच उघडलाय. जॅग्वारने २०१७ मध्ये इलेक्ट्रिक ई-टाइप दाखवली, आणि अनेक लहान कारखाने जुन्या गाड्यांत मोटर-बॅटरी बसवून देतात. अशा गाडीतून इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, बऱ्याचदा गिअरबॉक्सही उतरतो, आणि तो माल भंगारातला नसतो. कालपर्यंत चालत्या गाडीत होता. मला स्वतःला हे रूपांतर आवडत नाही. जुन्या वाहनांच्या फिवा या १९६६ पासूनच्या जागतिक महासंघाचंही म्हणणं आहे की असा बदल करायचाच तर तो मागे फिरवता यावा आणि मूळ भाग नोंद करून जपून ठेवावेत. मालकाला तसं करायचं असेल तर त्याने करावंच. पण तो विकणारच असेल, तर भंगारवाल्याच्या आधी आपण तिथे पोचलेलं बरं.

थ्रीडी प्रिंटबद्दल हमखास विचारतात. डॅशबोर्डचं बटण, हँडलखालचा वॉशर, वायरची क्लिप, अवश्य करा. फक्त साध्या पीएलए प्लास्टिकला बॉनेटखाली नेऊ नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. ब्रेक आणि स्टीअरिंगचं काहीही घरी प्रिंट करू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) ग्राइंड करणाऱ्या, ब्लॉक बोअर करणाऱ्या, म्हणजे सिलिंडर आतून कोरणाऱ्या माणसांची. नव्या इंजिनांची कामं कमी झाली की त्यांची यंत्रं विकली जातील, आणि मग हातात उत्तम पार्ट असूनही तो बसवायला कोणी नसेल. तुमचं इंजिन उघडायचं आज ना उद्या ठरलेलंच असेल तर पुढे ढकलू नका. या कामात आधी संपतात ते अंडरसाइझ शेल, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे जास्त जाड बेअरिंग शेल. क्रँक एकदा ग्राइंड केला की ०.०१० इंचाचा शेल लागतो, पुढे ०.०२०, मग ०.०३०, शेवटच्या मापांचा खप इतका कमी असतो की कारखाना ती पुन्हा बनवतच नाही. एकट्याने मागितलं तर कोणी दाद देत नाही. दहा-पंधरा मालकांनी मिळून मागणी केली तर लहान लॉट बनवून देणारे आहेत. आम्ही ओळखीतले काही जण सध्या ०.०३० च्या शेलसाठी नावं गोळा करतोय. तुमच्याकडे एमजीबीचं पाच बेअरिंगचं इंजिन असेल तर क्रँकच्या प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप मायक्रोमीटरने दोन दिशांनी घेऊन कळवा. शेलच्या पाठीवरचा छाप बघून अंदाजाने कळवू नका.