इंग्लंडमधली टाळेबंदी आणि वसतिगृहात अडकलेली मुले

सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधील विद्यापीठांनी वसतिगृहे पुन्हा भरली, तेव्हा कोविडचा सर्वांत अवघड काळ सरला असे आम्हा शिक्षकांपैकी अनेकांना वाटत होते. विद्यार्थ्यांसाठी मात्र तो तिथूनच सुरू झाला. मी इथल्या एका विद्यापीठात शिकवते आणि अध्यापनाबरोबरच काही विद्यार्थ्यांची 'पर्सनल ट्यूटर'ही असते. म्हणजे अभ्यास, आजारपण, घरभाडे यांपैकी काहीही अडले, तर विद्यार्थ्याने सर्वांत आधी जिच्याकडे यावे अशी व्यक्ती. त्या वर्षी मुलांच्या मनाला आधार देण्याच्या नावाखाली इथे पुष्कळ काही झाले. त्यातले खरोखर कामाला काय आले, हे मुलांना परदेशी पाठवणाऱ्या पालकांनाही ठाऊक असावे असे मला वाटते.

आधी परिस्थिती समजून घ्यायला हवी. इथल्या वसतिगृहात एका फ्लॅटमध्ये साधारण सहा-आठ खोल्या आणि सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर असते. महासाथीच्या नियमांत अशा फ्लॅटला एक कुटुंब मानले गेले. त्यामुळे आठवडाभरापूर्वी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या मुलांपैकी एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली की सगळ्यांनी चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या दोन वसतिगृहांतील सुमारे १,७०० विद्यार्थ्यांवर ही वेळ एकदमच आली. त्यांतील बहुतेक जण अठरा-एकोणीस वर्षांचे, पहिल्यांदाच घर सोडून आलेले. नोव्हेंबरमध्ये त्याच शहरातील मँचेस्टर विद्यापीठाने फॅलोफिल्ड येथील वसतिगृहांभोवती पुरेशी पूर्वसूचना न देता कुंपण उभारले. विद्यार्थ्यांनी ते त्याच रात्री पाडले आणि कुलगुरूंना जाहीर माफी मागावी लागली. हेतू सुरक्षिततेचाच असेल, पण ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचा त्यांनाच विश्वासात घ्यायचे नाही, ही वृत्ती मुलांना कुंपणापेक्षा जास्त लागली असावी.

मदतीचे सर्वांत स्वस्त रूप म्हणजे ईमेल. त्या वर्षी विद्यार्थ्यांना गेलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी 'स्वतःची काळजी घ्या' असे वाक्य आणि खाली समुपदेशनाच्या दुव्यांची रांग असे. अशी पत्रे आपण न उघडताच पुसतो, असे विद्यार्थी मोकळेपणाने सांगत. त्यामानाने 'स्टुडंट माइंड्स' या धर्मादाय संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केलेला 'स्टुडंट स्पेस' हा उपक्रम अधिक विचारपूर्वक आखलेला होता, कारण त्यात माहितीबरोबर फोनवर किंवा संदेशातून प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याची सोय होती.

आमच्या विभागात खरा फरक पडला तो फोनमुळे. ऑनलाइन वर्गात सगळ्यांचे कॅमेरे बंद, त्यामुळे चेहरा पाहून अंदाज बांधण्याची सोय उरली नव्हती. मग ज्यांनी बरेच दिवस तासाला किंवा अभ्यासाच्या पोर्टलवर हजेरीच लावलेली नाही, अशांची यादी करून आम्ही एकेकाला फोन करू लागलो. 'कसा आहेस?' या प्रश्नाला 'ठीक आहे' हेच उत्तर येते, हे लवकरच लक्षात आले. एका विद्यार्थ्याला मी त्याऐवजी सकाळपासून काय खाल्ले आणि कपडे कधी धुतले, असे विचारले. कपडे धुण्याची यंत्रे दुसऱ्या इमारतीत आणि तिकडे जायची मनाई, त्यामुळे तो कित्येक दिवस त्याच कपड्यांत होता आणि म्हणूनच कॅमेरा लावत नव्हता. कपड्यांची व्यवस्था वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांनी केली. झोप लागत नाही आणि शिक्षण सोडून द्यावेसे वाटते, हे त्याने मला त्यानंतरच्या फोनवर सांगितले आणि तेव्हा कुठे समुपदेशकाचा विषय काढता आला.

ज्या निर्णयांवर मानसिक आरोग्याचे लेबल नव्हते, त्यांनीही मोठे काम केले. एरवी निबंधाची मुदत वाढवून मागायची तर डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या वर्षी अनेक विद्यापीठांनी विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. वसतिगृहाचे भाडे कमी व्हावे म्हणून अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी ते न भरण्याचे संप पुकारले आणि मँचेस्टर विद्यापीठाने पहिल्या सत्राच्या भाड्यात तीस टक्के सूट दिली. परदेशी विद्यार्थ्यांची अडचण आणखी वेगळी होती. व्हिसाच्या अटींमुळे त्यांना सरकारी भत्ते मिळत नाहीत आणि उपाहारगृहांतली अर्धवेळ कामे तर बंदच झाली होती. अशा वेळी विद्यापीठाच्या अडचण-निधीतून मिळालेली रक्कम कोणत्याही समुपदेशनाइतकीच गरजेची होती.

आपल्याकडच्या मुलांसाठी सर्वांत वाईट महिने होते ते एप्रिल आणि मे २०२१ चे. भारतात दुसरी लाट आलेली, घरून रोज कोणाच्या तरी आजारपणाची बातमी आणि इथे वार्षिक परीक्षा. २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला 'रेड लिस्ट'मध्ये टाकले, म्हणजे घरी जाऊन परतायचे तर दहा दिवस हॉटेलात विलगीकरण आणि त्यासाठी १,७५० पौंड. रात्रभर भारतातील रुग्णालयांत खाटांसाठी फोन करणारी मुले सकाळी प्रश्नपत्रिका सोडवत होती आणि बरोबरीच्या इंग्रज मुलांना त्याची कल्पनाही नव्हती. अशा मुलांना आपल्यासारख्याच अवस्थेतील दुसरी मुले भेटवून देणे, एवढेच आम्हाला करता आले. परीक्षा पुढे ढकलण्याचे अर्ज मात्र कोणतीही खळखळ न करता मंजूर होत गेले.

त्या काळात भारतातून काळजीने विभागात फोन करणाऱ्या पालकांना मुलाविषयी काहीच सांगता येत नसे, कारण इथे अठरा वर्षांवरील विद्यार्थी कायद्याने प्रौढ असतो. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१८ पासूनच यावर एक तोडगा काढला आहे: मनःस्थितीविषयी गंभीर काळजी वाटली तर कोणाला कळवायचे, याची संमती विद्यार्थ्याकडून नोंदणीच्या वेळीच घेतली जाते. तुमच्या मुलाच्या विद्यापीठात अशी सोय आहे का, हे निघण्याआधीच त्याच्याकडून विचारून घ्या आणि असेल तर नाव कोणाचे द्यायचे ते दोघांनी मिळून ठरवा. ते नाव आईवडिलांचेच असले पाहिजे असे नाही, इथे राहणारी मावशी किंवा मोठा मित्रही चालतो. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याने जवळच्या डॉक्टरांकडे, म्हणजे 'जीपी'कडे, नावनोंदणी करावी. ती मोफत असते. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या, बोलून उपचार करणाऱ्या सेवेसाठी तर इंग्लंडमध्ये डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही, विद्यार्थ्याला स्वतःच अर्ज करता येतो.