तुम्ही विचारलंत म्हणून : खालचा आकडा का बदलायचा नाही?

नाशिकरोडला मी दहावीच्या विज्ञानाची शिकवणी घेते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, रासायनिक समीकरण संतुलित करताना सूत्रातला खालचा आकडा बदलला तर काय बिघडतं? दोन्ही बाजू सारख्या होतात की!"

होतात ना. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, ते लिहिताना उजवीकडे ऑक्सिजनचा १ अणू कमी पडतो. मूल पटकन 'एच टू ओ'चं 'एच टू ओ टू' करून टाकतं. हिशेब जुळतो, पण पाणी जातं आणि तिथे जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड येतं. पाणीच हवं असेल तर त्याच्यापुढे, म्हणजे सूत्राच्या डावीकडे, २ लिहायचा, हायड्रोजनपुढेही २. खालचा आकडा त्या पदार्थाचा. आपल्या हातात फक्त पुढचा.

मला स्वतःला हे पटलं ते द्राक्षबागेमुळे. आमची बाग दिंडोरी तालुक्यात. डाऊनी या बुरशीरोगासाठी वडील बोर्डो हे फवारणीचं मिश्रण करायचे : १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, "चुना कमी पडला." मोकळं तांबं राहिलं तर पानांना चटका बसतो. मग चुन्याची निवळी वाढवायची, पातं घासून पुसायचं, पुन्हा बुडवायचं.

दहावीत तोच विळा समीकरण होऊन समोर आला : लोह अधिक कॉपर सल्फेट. मी लोहाची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, ३ धरली, उजवीकडे फेरिक सल्फेट लिहिलं आणि पुढे २, ३, १, ३ असे सहगुणक घालून ते बिनचूक संतुलितही केलं. आमच्या बाईंनी काहीच खोडलं नाही. खिळा टाकलेली परीक्षानळी फक्त उजेडात धरली. निळा रंग उतरून फिकट हिरवा झाला होता. तो फेरस सल्फेटचा. फेरिकचं द्रावण पिवळट-तपकिरी दिसतं. म्हणजे संयुजा २, आणि पुढे कुठलाच आकडा लागत नाही.

म्हणून मी मुलांना आधी नळीत काय टाकलं, काय झालं ते मराठीत सांगायला लावते. मग संयुजा बघून सूत्रं, आणि प्रत्येक सूत्राभोवती पेनाने चौकट. त्यानंतरचा आकडा चौकटीबाहेर, डावीकडे.