बिनशिंगांचे दिवस

चिवड्याच्या पिशवीचा आवाज किती मोठा असतो, हे मला अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या एका टेकाडावर पहाटे साडेपाचला कळलं. शेजारच्या आजोबांनी दुर्बिणीवरचा डोळा न काढता नुसता तळहात वर केला. मी पिशवी गुपचूप जॅकेटमध्ये सरकवली.

आजोबा सॉल्ट लेक सिटीत आमच्या शेजारी राहतात, जन्म मात्र वायोमिंगचा. लॉटरीत परवाना लागला तर ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला जातात, नाही लागला तर वर्षभर कुरकुरतात. पण मे महिन्यातली फेरी ते चुकवत नाहीत. तेव्हा शिकार बंद, बंदूक घरी कपाटात. मग जायचं कशाला? "बघायला," म्हणाले. चार तास गाडी हाकून नुसतं बघायला जाणारा माणूस मला आवडतो, म्हणून यंदा मीही निघाले.

बघायची ती म्यूल डिअर. कान खेचरासारखे लांब, म्हणून हे नाव. बिचकलं की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं टप्पे खात जातं. नराची शिंगं हिवाळ्यात गळून पडतात आणि मेमध्ये त्या जागी मखमल चढलेले दोन बोथट कोंब असतात. भिंतीवर ज्यांची डोकी टांगतात ते हेच महाराज, यावर त्या दिवसांत विश्वास बसत नाही. बिनशिंगांचा नर आणि बिनबंदुकीचा शिकारी. दोघंही जरा ओशाळल्यासारखे दिसतात.

आम्ही बसलो होतो ते पाइनडेल गावाबाहेर, फ्रेमाँट तलावाच्या बाजूला. ही जागा आजोबांनी उगाच निवडलेली नाही. दक्षिणेकडे रेड डेझर्ट नावाचा उजाड मुलूख आहे. तिथली हरणं तिथलीच, असा समज होता. 2011 च्या हिवाळ्यात हॉल सॉयर या संशोधकानं त्यातल्या काहींच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारे पट्टे बांधले आणि वसंतात ती चालू लागली. थेट होबॅक खोऱ्यापर्यंत, सुमारे 240 किलोमीटर. इतकी वर्षं हजारो हरणं कुंपणं, रस्ते, नद्या ओलांडून जात होती आणि एवढी लांबची वाट कोणी कागदावर मांडली नव्हती. पुढे 2016 मध्ये पट्टा बांधलेली 255 क्रमांकाची मादी तर शेजारच्या आयडाहो राज्यात, आयलंड पार्कच्या बाजूला पोचली. जवळपास 390 किलोमीटर! बाईंना कोणी सांगितलं होतं एवढं लांब जायला?

या वाटेवर तलाव आणि गाव यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. सगळ्या कळपांना त्यातूनच जावं लागतं. आमचं बूड त्या पट्टीसमोर, पण बऱ्याच अंतरावर टेकलेलं. जवळ जायचं नाही, हा आजोबांचा कडक नियम. हिवाळाभर अंगातली चरबी जाळून हरणं हडकलेली असतात, आपल्यामुळे एक धावही वाया जायला नको.

पहिल्या तासाभरात मला एकही हरीण दिसलं नाही. आजोबांनी नऊ मोजली होती. "तू हरीण शोधतेयस," ते म्हणाले, "कान शोध." झाडंझुडपं उभी असतात, त्यात आडवी रेघ दिसली तर ती पाठ. मग दिसू लागलं. एक कान, एक पाय, शेपटीचं काळं टोक. दळणाच्या गव्हात खडा शोधावा तसा हा प्रकार. एकदा जमला की थांबवत नाही.

उन्हं वर आल्यावर पलीकडच्या उतारावरची जुनी पायवाट बघायला गेलो. वाटेत सेजब्रश नावाच्या झुडपाची पानं चुरगळली आणि नाकाशी नेली. दवणा! चैत्रात जोतिबाला वाहतो, त्या दवण्याचाच हा भाऊबंद, एकाच वंशातला. हिवाळ्यात हरणं याच्यावरच तग धरतात. पुढे आजोबा वाकून लेंड्या दाखवायला लागले. सुटी, कडक असेल ती हिवाळ्यातली, मऊ होऊन एकमेकींना चिकटलेली असेल ती कोवळा पाला मिळाल्यानंतरची. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. ते चमकले.

फलटणकडची मी. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाच्या दिशेनं निघायचे आणि पावसाच्या आधी परतायचे. वाटेत आमच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्याभोवती वाघर म्हणजे जाळं लागायचं, सकाळी लेंडीखताची रास. कुठल्या शिवारात कधी चारा असतो हे त्या लोकांना कागदाशिवाय पाठ. हरणांचंही तेच. खालच्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं, तिथं आधी कोवळं गवत उगवतं, मग त्याच्या वर, मग आणखी वर. हिरवाई डोंगर चढते आणि हरणं तिच्या मागोमाग. चार-सहा दिवसांत संपेल एवढं अंतर ती काही आठवडे लावून चालतात, कारण घाई केली तर पुढे बर्फच आहे. वाट पिल्लांना आईच्या मागून कळते. शरदात बहुधा त्याच वाटेनं खाली येतात, हे आजोबांचं मे महिन्यातलं गुपित. पण ते सांगताना त्यांचा चेहरा शिकाऱ्याचा नव्हता. पाहुण्यांची वाट बघणाऱ्याचा होता.

दुपारी एक मादी कुंपणाशी आली. थांबली, कान फिरवले, आणि उडी मारून पार. मागचं पाडस अलीकडेच राहिलं. तारेच्या कडेकडेनं इकडून तिकडे दोनदा पळालं, शेवटी पोट जमिनीला घासत खालून घुसलं. आजोबांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला तो मला ऐकू आला. 2022-23 चा हिवाळा या भागात इतका वाईट गेला की आदल्या उन्हाळ्यात जन्मलेली बहुतेक पाडसं वसंत बघू शकली नाहीत. तेव्हापासून ते वहीत पिल्लांचा रकाना वेगळा करतात.

संध्याकाळी मोटेलवरून बाबांना फोन लावला. तिकडे पहाट, चहा चाललेला. हरणं बघायला गेले होते म्हटल्यावर मारली का, कुठली बंदूक, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"किती भरली?"

"सत्तेचाळीस."

"कोकरं धरून?"

मी आजोबांकडे वही मागितली.