पाटीवरचं अक्षर आणि पेटलेला बिल्ला

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने आमच्याकडे रोज संध्याकाळी जुन्या काळात घडणाऱ्या ब्रिटिश पोलिसी मालिका सुरू झाल्या. खून कुणी केला याच्याशी बाबांना काही देणंघेणं नव्हतं. "अगं थांबव, मागे घे. ती बघ आपली ॲम्बॅसिडर!"

आपली नव्हतीच ती. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. इंग्लंडने ते मॉडेल १९५९ मध्ये सोडून दिलं. आपल्याकडे त्याच गाडीवरून घडलेली ॲम्बॅसिडर थेट २०१४ पर्यंत निघत राहिली. बाबांनी त्यातली एक पंधरा वर्षं चालवली होती. पडद्यावरच्या गाड्या ओळखायचा मला नाद लागला तो त्या संध्याकाळी.

सोप्या गाड्या पटापट पाठ झाल्या. 'हार्टबीट' मालिकेतली पोलिसांची फोर्ड अँग्लिया तर मागूनच कळते, मागची काच उलटी, आत झुकलेली. मॉरिस मायनरही लांबून ओळखू येते, पण साल? समोरची काच दोन तुकड्यांची असली तर १९५६ किंवा त्याआधीची, एकसंध असली तर त्यानंतरची. वळताना दिशा दाखवायला बाजूच्या खांबातून छोटा हात टुणकन बाहेर आला तर साधारण १९६१ पर्यंतची. हा हात बघायला मी एक प्रसंग चार वेळा मागे घेतला. संवाद काय होते ते विचारू नका.

अडले ते एका राखाडी गाडीपाशी. चर्चच्या भिंतीला लागून उभी, नाक झुडपात, मागचे पंखासारखे उंचावलेले कोपरे तेवढे दिसताहेत. मी ठामपणे म्हटलं, "मॉरिस ऑक्सफर्ड, नवी." आठवडाभर तेच धरून बसले. मग कळलं की १९५८-५९ पासून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने एकाच बॉडीवर ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली आणि वुल्झली अशा पाच गाड्या काढल्या होत्या. एकाच ताग्यातून पाच बहिणींचे फ्रॉक शिवावेत आणि लेस तेवढी निराळी लावावी, तसं. ती लेस म्हणजे समोरची जाळी, आणि नेमकी तीच झुडपात!

मग नंबरप्लेटकडे वळले. शेवटी 'सी' अक्षर. ब्रिटनमध्ये १९६३ पासून नंबराच्या शेवटी सालाचं अक्षर यायला लागलं: 'ए' म्हणजे १९६३, 'सी' म्हणजे १९६५. (अक्षर नसलं म्हणून गाडी त्याआधीचीच असं मात्र नाही, काही जिल्ह्यांनी १९६५ पर्यंत ते लावलंच नाही.) आणि कथा होती १९६२ ची! चूक सापडल्यावर बाबांना कोण आनंद झाला. पण पाचांतली कोणती, ते तसंच राहिलं.

उत्तर पुढच्या भागात मिळालं. रात्र, पाऊस, फाटकातून गाडी आत येते. दिव्यांच्या मधोमध, जाळीवर, एक इवलासा लंबगोल बिल्ला उजळलेला. बॅज असा आतून पेटवायची वुल्झलीची रीत १९३० च्या दशकापासूनची.

"वुल्झली!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. १९६५ ची, म्हणजे सिक्स्टीन-सिक्स्टी मॉडेल. आधीची फिफ्टीन-सिक्स्टी १९६१ मध्येच बंद झाली होती. बाबांनी औषधांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं: वुल्झली १६/६०, राखाडी. मालिकेची चूक – ३ वर्षं.