नुसत्या कळा

काल पुण्यात सुदर्शन रंगमंचला नाटक बघितलं. आयुष्यभर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला म्हातारा ट्रम्पेटवाला गोव्यातल्या घरी परततो, गोष्ट एवढीच. पहिला अर्धा तास रेंगाळला (त्यात शेजारचे काका वेफर्सचं पाकीट कुरकुरवत होते, देवा!). पण मग तो थोरल्या भावासमोर ट्रम्पेटची पेटी उघडतो. भाऊ विचारतो, "आता चर्चमध्ये वाजवशील ना?" हा ट्रम्पेट हातात घेतो, ओठांना लावतच नाही. नुसत्या तीन कळा दाबत राहतो. टक, टक, टक. शेवटच्या रांगेत बसून मला ती टकटक स्पष्ट ऐकू येत होती. अंगावर काटा.

रिक्षात आईला ऐकवत होते, १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन जॅझवाल्याचा बँड ताजमध्ये वाजवायला आला होता, गोव्याचे कितीतरी वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले, वगैरे. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, 'अलबेला'त तो गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पडद्यावर दिसतो की बँड घेऊन! आणि संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं."

मी गप्प. घरी येऊन पिठल्याला फोडणी पडेपर्यंत ती त्यातलंच काहीतरी गुणगुणत होती.