तुम्ही विचारलंत म्हणून: शब्बाथ शाळेत दरवर्षी अहाबच का?

"बाई, शास्त्रात इतकी सुंदर चरित्रं आहेत. योसेफ आहे, दानीएल आहे, रूथ आहे. मग पोरांपुढे दरवर्षी तो अहाबच का आणता?" पालक विचारतात, मंडळीतल्या बायका विचारतात, माझ्या सख्ख्या भावानेही विचारून झालं. आजवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते. अहाब म्हणजे जुन्या करारातला इस्राएलचा राजा, ईजबेल त्याची राणी. नाबोथाने आपला मळा राजाला दिला नाही, म्हणून ईजबेलने अहाबाच्या नावाने पत्रं लिहून त्याच्यावर खोटा आळ घ्यायला लावला आणि त्याला मारवलं, ती ही गोष्ट.

आधी ईजबेलचं बघू, कारण दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो: "पण सगळं त्या बाईनेच केलं ना?" तिने भर दिली हे वचनातच आहे, मी नाकारत नाही. पण पत्रं कोणाच्या नावाने गेली? शिक्का कोणाचा होता? नाबोथाने नकार दिला तेव्हा त्याने कारण सांगितलं होतं: हे वाडवडिलांचं वतन आहे, ते मी देणं परमेश्वराला मान्य नाही. अहाब घरी येऊन तोंड फिरवून पडला, जेवेना, आणि बायकोने विचारल्यावर काय म्हणाला? "मी पैसे देतो म्हटलं, बदल्यात दुसरा मळा देतो म्हटलं, तरी तो देत नाही म्हणाला." वाडवडील गाळले, परमेश्वर गाळला. पहिले राजे, एकविसावा अध्याय, तिसरी आणि सहावी ओवी शेजारी शेजारी ठेवून वाचा. आणि मळा मिळाला म्हटल्यावर हा उठून ताबा घ्यायला निघाला. कसा मिळाला, हे विचारलंच नाही. असा माणूस बायकोच्या मुठीतला बिचारा नसतो. असिरियाच्या तिसऱ्या शल्मनेसरच्या शिलालेखात इसवी सनपूर्व ८५३ च्या कर्करच्या लढाईत अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ नोंदलेलं आहे. एवढी फौज उभी करणाऱ्याला राजवाड्यालगत भाजीचा मळा हवा होता.

पण खरं सांगायचं तर मी हा धडा अहाबासाठी घेतच नाही. मी तो इज्रेलच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांसाठी घेते. नाबोथाच्याच गावचे, त्याच्याच वेशीत बसणारे वडील आणि सरदार. पत्र आलं: उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाने बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, त्यांनी म्हणावं की याने देवाला आणि राजाला शाप दिला. सगळं नियमाला धरून. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, दोन आणले. उपास आहे म्हणजे प्रार्थनाही झाली असणार. मग गावाबाहेर नेऊन धोंडमार. आणि काम उरकल्याचा निरोप त्यांनी कोणाला पाठवला? पत्र राजाच्या नावाचं होतं, निरोप गेला ईजबेलकडे. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. एकाने तरी "हा नाबोथ माझा शेजारी आहे" म्हणायचं! त्याच अहाबाच्या घरचा कारभारी ओबद्या. त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले, त्यांना भाकर-पाणी पुरवलं. म्हणजे नाही म्हणता येत होतं.

आता जे वर्गात कधी सांगत नाही ते इथे सांगते.

आमचं विहिरीलगतचं शेत होतं. विहीर आजोबांनी खणलेली. शेजारचा बागायतदार गावात वजन असलेला, त्याला ते शेत हवं होतं. भाव वाईट नव्हता, बदल्यात ओढ्यापलीकडची जमीन द्यायलाही तो तयार होता. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, वडिलांची विहीर मी विकणार नाही. त्या दिवसांत आमच्या मंडळीच्या मंदिराच्या बांधकामाची वर्गणी दादांकडे होती. पावसाळा संपता संपता कुजबुज सुरू झाली, आणि एका संध्याकाळी आमच्याच ओसरीवर पंचांची बैठक बसली. मी नववीत होते.

दोन माणसं म्हणाली, आम्ही दादांच्या हातात रोख दिले, पावती मिळाली नाही. त्यातल्या एकाला मी त्याआधी उपासनेत कधी पाहिलंही नव्हतं. दादांनी सगळी पावतीपुस्तकं टेबलावर मांडली होती. प्रत्येक स्थळप्रतीवर तारीख, नाव, रक्कम, त्यांचं तिरकं अक्षर. एकानेही पान उलटलं नाही. ठरावांची वही ज्यांच्या हातात होती त्या काकांनी मला तेविसावं स्तोत्र शिकवलं होतं, हाताची बोटं मोजायला लावून, एकेका बोटाला एक ओळ. त्यांनीच प्रार्थनेने सुरुवात केली होती. ठराव लिहिताना ते मध्येच थांबले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी पेन झटकलं, मागच्या कोऱ्या पानावर दोन रेघा ओढून शाई येते का बघितलं आणि वाक्य पुरं केलं. मग मला म्हणाले, "बाळ, माझा चहा बिनसाखरेचा." आईने केला. मी नेऊन दिला. सगळे प्यायले.

रक्कम भरून देण्याचा ठराव झाला. शेत विकल्याशिवाय ती भरता येणार नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी घेतलं, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुम्ही म्हणाल, बाई स्वतःचा राग मुलांवर काढतात. असेलही त्यात राग. पण मुलांना दुष्ट राजा ओळखायला शिकवावं लागत नाही, तो मुकुट घालून येतो. पेन हातात घेतलेला भला माणूस ओळखायला कोण शिकवणार?

शिकवायला लागले तेव्हा मी शेवट जोरात सांगायचे. वेष पालटून रामोथ-गिलादच्या लढाईत गेलेला अहाब, कोणीतरी सहज सोडलेला बाण, चिलखताच्या सांध्यात घुसलेला, रथात वाहून साचलेलं रक्त, शोमरोनच्या तळ्यावर ते चाटणारी कुत्री. मुलं श्वास रोखून ऐकायची आणि मला वाटायचं, न्याय झाला. आता त्या तेव्हाच्या माझ्याशी माझं पटत नाही. दुसरे राजे, नवव्या अध्यायात पुढे राजा झालेला येहू सांगतो की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. वारसच ठेवले नव्हते. कुत्र्यांनी रक्त चाटून कोणाला काय परत मिळालं?

आणि मग येतो तो अवघड भाग. शिक्षा सांगायला आलेल्या एलीया संदेष्ट्याचे शब्द ऐकून अहाबाने कपडे फाडले, अंगाला गोणताट लावलं, उपास केला, आणि देवाने त्याच्या हयातीत अरिष्ट आणायचं नाही असं ठरवलं. तुमच्यापैकी काहींना धडा इथे संपवलेला हवा असतो: बघा मुलांनो, इतक्या दुष्टालाही दया मिळाली. मी संपवत नाही. लेवीय सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे, लुबाडलेलं पुरं परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. घ्यायला जवळचा कोणी नातलगच नसेल तर काय, तेही गणना या पुस्तकात सांगितलंय: ते परमेश्वराचं, याजकाकडे द्यायचं. म्हणजे वारस मेले ही सबब चालत नव्हती. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, ते आपण पोरांना गाण्यातून शिकवतो. अहाबाने गोणताट लावलं. मळा सोडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

दादा असते तर यावर माझ्याशी भांडले असते. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा ते काका आले, पायांशी बसून रडले. खोटं रडले नाहीत, मी दारात उभी होते, मला कळलं. दादा म्हणाले, "झालं ते झालं, प्रभूने मलाही माफ केलंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा ठेव." मी ठेवला नाही. त्यावर आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही. देवाने अहाबाचं नम्र होणं मोजलं, एलीयाला मुद्दाम दाखवलं, हे वचन माझ्याही बायबलात आहे आणि ते मला पुसता येत नाही. पण माफी मागायला आलेल्या माणसाने वहीचं नाव काढलं नाही, हेही मला पुसता येत नाही.

दादांनी माफ केलं, तो त्यांचा अधिकार होता. ठराव मात्र त्यांच्या नावावर तसाच आहे. तो रद्द करून तशी नोंद घ्यावी, असा अर्ज मी पंचांकडे दिला आहे. स्थळप्रती माझ्याजवळ आहेत, मागाल तेव्हा आणून देईन. उत्तर आलेलं नाही. यंदाही अहाब घेणार आहे.